अक्काच्या शेतातली शिट्टी

७ एप्रिल
नांदेडहून अक्काकडे आलो. सुट्टी आहे. सोबत कंपनीचं केबल लोकेटर आणलं. साहेबांना विचारलं नाही. मशीनलाही हवापालट पाहिजेच.

जमिनीखाली वायर नाहीतर लोखंडी पाइप असला की ते शिट्टी मारतं. मग मी चुन्यानं खूण करतो, म्हणजे खोदणारे तिथं काही फोडत नाहीत. लई जबाबदारीचं काम. पण दाजी अजून लोकांना सांगतात, आमचा भुजंग खड्ड्यावर असतो.

संध्याकाळ
दाजींनी विचारलं, जमिनीखालचं सगळं सांगतं का हे? हाव म्हणलं. अक्का म्हणली, मग पाणी बी सांगत असंल. तिच्या विहिरीत गाळ राहिलाय, मोसंबीची झाडं वाळून राहिली. लेकरावाणी वाढवलेली झाडं. बोर मारायची आहे, जागा ठरंना.
मी "बघू" म्हणलं. बघू म्हणजे हो न्हवं. उद्या स्पष्ट सांगायचं, या मशीनला पाणी कळत नाही.

८ एप्रिल
सांगणारच होतो. पण अक्कानं सकाळीच सगळी भावकी चहाला बोलावलेली. माझा भाऊ इंजिनेर हाय म्हणत होती. चार माणसांत बहिणीला खोटं पाडणं मला जमत नाही. स्वभावच तसा. उद्या नक्की.

९ एप्रिल
मशीन घेऊन शेतात फिरलो. दाजींनी तळहातावर नारळ धरून पाणी शोधणारे पाणाडी व्यंकटीमामाही बोलावले होते. विज्ञानाचा अपमान आहे हा.
बांधाजवळ शिट्टी वाजली. जोरात! आता शिट्टी म्हणजे लोखंड. पण मोसंबीच्या रानात लोखंड कुठून येणार? म्हणजे पाणीच असणार. तेवढ्यात व्यंकटीमामाच्या तळहातावरचा नारळ तिथंच उभा राहिला. विज्ञान आणि नारळ एका जागी!
अक्कानं माझ्यावरून कडाकडा बोटं मोडली. तिचे डोळे भरले होते. मला तिच्याकडं बघवेना. जेवण गेलं नाही. पुरणपोळ्या तेवढ्या खाल्ल्या.
उद्या बोरची गाडी चालू व्हायच्या आत सांगायचं. काय व्हायचं ते होऊ दे.

१० एप्रिल, सकाळ
सांगायला गेलो. अक्का बोरच्या गाडीला हळदकुंकू लावत होती. पूजेत आडवं बोलू नये.

दुपार
पाणी लागलं!! गाडी चालू झाली न झाली तोच माणसाच्या वर फवारा! गुलाल उधळला. दाजींनी मला मिठी मारली, जन्मात पहिल्यांदा. व्यंकटीमामा नारळाचं श्रेय मागून राहिले, द्या म्हणलं.
माझ्यात काहीतरी आहे, हे मला आधीपासून वाटत होतं. नोकरी सोडावी. कार्ड छापावं : भूजल भुजंग.
गाडीवाला म्हणला, पाण्याला ब्लिचिंग पावडरचा वास येऊन राहिला. त्याला काय कळतं! अक्कानं ओंजळभर पिऊन बघितलं. म्हणली, गोड हाय, नळावाणी.

संध्याकाळ
नळाचंच होतं.
गावाची जुनी बीडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची, पाइपलाइन बांधाखालून गेलेली. कुणाच्या ध्यानात नव्हती. टाकी रिकामी झाली. गावातले नळ कोरडे. व्यंकटीमामा आपल्या गावी, उमरीला निघून गेले.
दाजी म्हणले, जमिनीखालचं सगळं सांगतं म्हणला होतास ना? बरोबर सांगितलं की मग.
मेल्याहून मेल्यासारखं झालं.

११ एप्रिल
बाया घागरी घेऊन दारात. गावात पाणी नाही. कुणी दाखवली जागा, म्हणून ओरडत होत्या. मी गोठ्यात होतो. सगळं ऐकू येत होतं.
अक्का म्हणली, जागा मी दाखवली. माझ्या भावाचं नाव घ्यायचं न्हाई. तो तर नगो नगो म्हणत होता.
मी एकदाही नको म्हणलो नव्हतो.
बाया तिला नाही नाही ते बोलल्या. ती ऐकून घेत राहिली. बाहेर जाऊन सांगायचं मी ठरवलं होतं. अगदी पक्कं. पण चप्पल सापडत नव्हती.
बाया गेल्यावर दिसली. पायातच होती.