भिंतीवरचे दोन गुलाबी पट्टे

नेमगोंडा भूपाल उगारे,

तुम्हाला मी मामा म्हणावे असा आपला संबंध होता. परंतु तुमच्या हयातीत तुम्ही मला उंबरठ्याच्या आत घेतले नाहीत, त्यामुळे तो शब्द वापरण्याचा प्रसंग आला नाही, आणि आज तो वापरण्याची इच्छा नाही. मी तुमच्या मुलीचा नवरा. ती दिवाळीच्या आधी वारली. तुम्हाला जाऊन आता इतकी वर्षे झाली, की तुमची तंबाखूची वखार कोणती हे निपाणीतल्या नव्या माणसाला बोट करून दाखवावे लागते. तरीही काल जे घडले ते मला तुम्हालाच सांगितले पाहिजे. इतर कोणाला ते सांगायचे तर आधी तुमच्याविषयी सांगावे लागेल.

वखारीवरची तिची खोली तुम्हाला आठवत असेल. तुमचे दिवस झाल्यावर तिने त्या खोलीला कुलूप घातले आणि किल्ल्या टिळकवाडीला आमच्या घरी आणल्या. जमिनीतला वाटा तिने मागितला नाही. "ती खोली तेवढी माझी," इतकेच भावाला सांगितले. पुढे ती कधीही तिथे गेली नाही, आणि कोणाला जाऊही दिले नाही. आता तुमच्या नातवाचे लग्न ठरले आहे. तुमच्या मुलाचा फोन आला, "दाजी, आक्काची खोली पोराला द्यावी म्हंतो. तुमची काय ना न्हाय न्हवं? आन् रंग मातर तुमीच निवडायचा." मृताच्या वस्तूंवर हक्क सांगत बसणे मला शोभणारे वाटले नाही. किल्ल्या घेऊन मी निपाणीला गेलो आणि रंगाऱ्याला खोली उघडून दिली.

रंगारी पलंगामागच्या भिंतीवर दोन पट्टे ओढून, हत्यारे तिथेच ठेवून जेवायला गेला. दोन्ही फिके गुलाबी. एक पाण्यात विरघळलेल्या कुंकवासारखा, आणि दुसरा तसाच, फक्त थोडे अधिक पाणी घातलेला. मी खिडकी उघडून पाहिले, लावून पाहिले. तुमची सून दारात उभी राहून हसू लागली. "दोन्ही येकच की ओ दाजी! नवी नवरी काय भिंत बघत बसणार हाय व्हय?" तुमचा मुलगा म्हणाला, "येक कसा? ह्यो डावीकडचा जुन्या रंगाला जवळ हाय." आणि मग, जणू माझे सांत्वन करावे म्हणून, तो पुढे म्हणाला, "आप्पांनी आक्कासाठी मुद्दाम केलता बघा गुलाबी. तिला आवडायचा म्हणून. सगळ्या घराला पांढरा चुना, आन् तिच्या खोलीला तेवढा रंग."

सून खाली गेली. मी भिंतीसमोर उभा होतो.

तुमच्या मुलीने ही गोष्ट मला एकदाच सांगितली होती. आमच्या लग्नाला फार दिवस झाले नव्हते. स्वयंपाकघरात ती भाकरी थापते आहे, मान खाली, हात थांबत नाहीत. खानापूरकडच्या मराठ्याच्या मुलाशी, म्हणजे माझ्याशी, लग्न करीन, असे तिने तुम्हाला या खोलीत सांगितले. तुम्ही वखारीतून तसेच वर आला होतात, तराजूचे लोखंडी वजन हातातच होते. ते तुम्ही फेकलेत. तिची डावी भुवई फोडून ते भिंतीत रुतले. दुसऱ्या दिवशी तुम्ही तो खड्डा बुजवलात आणि रक्तावर चुना फिरवलात. डाग वर आला. पुन्हा फिरवलात, पुन्हा आला. तेव्हा चुन्यात लाल रंग कालवून तुम्ही सबंध खोली गुलाबी केलीत, आणि घरादाराला सांगितलेत, की पोरीला हा रंग आवडतो. "आता पिठलं हलव, खाली लागंल," असे मला म्हणून तिने भाकरी तव्यावर टाकली. आमच्या घरात गुलाबी रंगाचे साधे पायपुसणेही कधी आले नाही. फळीवरचा डबा काढण्यासाठी मी हात वर केला, तरी तिचा तळवा भुवईवर जात असे. शेवटच्या आजारात, माणसे ओळखेनाशी झाल्यावरही, तो जात होता.

मी भिंतीवर तळहात फिरवला. दोन पट्ट्यांच्या मधोमध, तिच्या उंचीला, गिलावा बोटभर आत गेलेला लागला.

रंगाऱ्याची हातोडी मी उचलली. पहिल्या घावात डावा पट्टा फुटला, दुसऱ्यात उजवा. मी आयुष्यभर महाविद्यालयात शिकवले, कोणाशी चढ्या आवाजात बोललो नाही. काल मी ओरडत होतो, आणि काय ओरडत होतो ते मला आठवत नाही. तुमच्या मुलाने मागून माझा दंड धरला. "दाजी, खूळ लागलंय काय तुमास्नी? सोडा! लगीन हाय घरात!" मी त्याला ढकलले. तो रंगाच्या बादलीवर पडला, आणि फरशीभर गुलाबी पसरले. मी वळलो. हातोडी माझ्या डोक्याच्या वर होती.

त्याने डावा तळवा भुवईवर नेला. अगदी तिच्यासारखा.

माझा हात तिथेच राहिला. तो खाली बसूनच, डोळे मिटून म्हणाला, "मी खाटंखाली हुतो दाजी. समदं बघितलंय." आणि मग, "आक्का तुमच्याकडं निघून गेली. मग मीच ऱ्हायलो की हितं. मलाबी लई मारलंय त्येनं."

मी विचारले, "मग रंगाची ती गोष्ट?"

"त्यो तसंच म्हणाय लावायचा. म्हणून म्हणून तेच खरं वाटाय लागलं."

तो उठला. माझ्या हातून हातोडी घेतली. तो आता मला मारील असे मला वाटले, आणि मी हललो नाही. त्याने त्या खड्ड्यावर एकच घाव घातला. तुमचा भराव निखळून पडला, आणि आतली वीट दिसू लागली. "पोराला खालची खोली देतो," तो म्हणाला. "परक्याची पोर आणायची, आन् हितं निजवायची? न्हाय जमायचं."

जिन्याखालून सुनेने विचारले, "ठरला का ओ रंग?" त्याने वरूनच उत्तर दिले, "ऱ्हायला."

हे पत्र कुठेही जाणार नाही, म्हणून यात एक गोष्ट लिहिता येते. हातोडी वर होती आणि तुमचा मुलगा माझ्या पायाशी पडला होता, तेव्हा क्षणभर मला सुख झाले. स्वच्छ, मोकळे सुख. ते तुम्हाला ठाऊक असणार. तुमच्या मुलीला ते सांगण्याचे धैर्य माझ्यात नाही, म्हणून तुम्हाला लिहिले.

रंगाऱ्याला परत पाठवले. फरशी आम्ही दोघांनी पुसली. भिंत आहे तशीच उघडी ठेवून मी दाराला कुलूप लावले आणि किल्ल्या तुमच्या मुलाच्या हातात दिल्या.