फक्त आकडा टाका

सोमवार, ३ जून

पुन्हा बंद पडलं! बाबांची साखर रोज मला आणि दादाला कळावी म्हणून आईच्या फोनवर मीच बनवून दिलेलं ॲप. आईने चौकटीत अक्षरांत लिहिलं – दीडशे. ॲप आडवं! फोनवर म्हटलं, अगं आकडा टाक. तर म्हणते, "दीडशे म्हणजे आकडा नव्हे तर काय?" कपाळ माझं!

मंगळवार, ४ जून

ऑफिसात शंकासुराला कोड दाखवला. आमचा सिनियर. शंका काढल्याशिवाय त्याला चहा गोड लागत नाही. म्हणाला, माणूस चुकीचं टाइप करणारच, त्यासाठी आभाळ कोसळल्यासारखं, ॲपच बंद पाडणारं एक्सेप्शन कशाला? आधी विचारून बघ – याचा आकडा होतो का? हो आलं तरच पुढे जा. पटलं. घरी येऊन बदललं. आता पडणार नाही.

बुधवार, ५ जून

दादाचा फोन – बाबांची साखर शून्य! आईला फोन लावला तर मागून बाबांचाच आवाज, "सगळं झकास आहे म्हणून सांग." तिने तेच सांगितलं.

मग डोकं खाजवत बसले. घोळ माझाच. 'आकडा होतो का' हे तपासणारं जे फंक्शन मी घातलं, ते आकडा होत नसेल तर 'नाही' म्हणतं आणि आकड्याच्या जागी शून्य ठेवून देतं. मी ते 'नाही' बघितलंच नाही, शून्य तेवढं उचलून पाठवलं. शून्य कुठे आणि 'माहीत नाही' कुठे! आता 'नाही' आलं की चौकट रिकामी होते आणि लिहून येतं – फक्त आकडा टाका.

शुक्रवार, ७ जून

काल काही आलं नाही. आजही नाही. पडत नाही, शून्य नाही, काहीच नाही. पण आई ॲप उघडते आहे, ते मला दिसतं. मग? मी बरोबर केलंय ना? बसली असेल दीडशे-पावणेदोनशे लिहीत. फोन केला. "बरं आहे," एवढंच. बाबा शेजारी होतेच. मी चिडले तिच्यावर – इतकं साधं जमू नये? फोन ठेवल्यावर वाईट वाटलं. नक्की काय चुकतंय, कळत नाही.

सोमवार, १० जून

शंकासुराची नवी शंका – "आकडा झाला नाही, तर आईंनी लिहिलेलं जातं कुठे?" कुठेच नाही. मी पुसून टाकते.

बदललं. जे आकडा होणार नाही, ते आता जसंच्या तसं माझ्याकडे येईल.

मंगळवार, ११ जून

सकाळी आलं – "परत परत लिहिते, पुसलं जातं. हे सुई टोचू देत नाहीत. इन्सुलिनही सोडलंय. फोनवर शेजारी बसतात, मेसेज वाचतात, म्हणून इथे लिहिते. तू ये."

मीच पुसत होते. निघाले.