पेटीची दुसरी चावी

मी, खाली सही करणारा, वय एकसष्ट, धंदा कुलपे-चाव्यांचा, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, चष्मा लावून, माझ्याच हाताने लिहीत आहे. कोणी दटावलेले नाही, कोणी गोड बोलूनही लिहून घेतलेले नाही. याच्या तीन प्रती आहेत. तिसरी कुठे आहे हे वकिलाला सांगितलेले नाही, कारण तो फार हसतो.

१. दुकानामागच्या दोन खोल्या माझ्या बायकोच्या, तिच्या एकटीच्या. मुलाने किंवा माझ्या थोरल्या भावाने "तिला काय कळतंय त्यातलं" असे म्हणू नये. तिला सगळे कळते. कळायला उशीर मला झाला.

२. हे पत्र थोरल्या भावाच्या घरी सर्वांसमोर मोठ्याने वाचावे, कारण खोटे मी तिथेच बोललो होतो. नऊ वर्षांपूर्वी आम्हा दोघांच्या रक्तात एचआयव्ही निघाला, तेव्हा भर बैठकीत मी बायकोकडे बोट दाखवले. तिजोऱ्या बसवायला मी गावोगाव जायचो, मुक्काम पडायचा, आणि मुक्कामी मी एकटा नसायचो. संशय मात्र तिच्यावर, जिला मी कोपऱ्यावरच्या दुकानातही एकटीला जाऊ देत नसे. चोराच्या उलट्या बोंबा, दुसरे काय. तिला हा आजार माझ्यापासून झाला. हे वाक्य दोनदा वाचावे.

३. थोरल्या भावास स्टीलचा एक पेला. त्या बैठकीनंतर त्याच्या घरी तिला याच पेल्यातून वेगळे पाणी मिळे. मी तो पिशवीत घालून आणला आहे. त्याने आता स्वतः त्यातून प्यावे, काही होत नाही. मला मात्र त्या घरात सगळ्यांबरोबर, सगळ्यांच्याच कपात चहा मिळे आणि मी तो गप्प पीत असे, याची मला लाज वाटते.

४. दुकान, चावी कापायचे यंत्र आणि कानशी मुलाला, पण एका अटीवर. सुनेला सातवा महिना आहे. परवा तो म्हणाला, "तिचा रिपोर्ट चांगला आलाय बाबा, म्हणजे माझंही ठीकच असणार." हे वाक्य मला ओळखीचे वाटले. का, ते पुढे आहे.

बायकोच्या पेटीची दुसरी चावी मी लग्नाच्या पहिल्याच वर्षी बनवली. ती आंघोळीला गेली की पेटी उघडायची आणि परक्या पुरुषाची चिठ्ठी शोधायची. कधी काही सापडले नाही, त्याने संशय आणखीच वाढला. मुलगा पोटात असताना एकदा सगळ्यात वर दवाखान्याचा, तिच्या एचआयव्ही तपासणीचा कागद दिसला. तिच्या रक्तात काही नव्हते. त्याला टाचलेली चिठ्ठी होती : पतीने तपासणीसाठी यावे. मी म्हटले, तिचे चांगले म्हणजे आपलेही चांगले. आणि पेटी उघडल्याचे कळू नये म्हणून कागद होता तसा घडी घालून ठेवून दिला. मी गेलो नाही. मुक्कामही सुटले नाहीत.

म्हणून अट अशी : मुलाने स्वतः जाऊन स्वतःचे रक्त तपासावे. कागद आपल्या बायकोला दाखवावा, आणखी कोणाला नाही. काही निघालेच तर गोळ्या आहेत, आम्ही दोघे त्यांवर ठणठणीत आहोत. तो "जाऊन आलो" म्हणाला की आईने ते खरे मानावे. कोणाच्या शब्दावर विसंबा असे मी आयुष्यात पहिल्यांदाच सांगत आहे.

५. चावी कापून होईपर्यंत गिऱ्हाईक कुठे जात नाही. तेवढ्यात मी पुरुषांना विचारतो, "स्वतःचं तपासलंय, की बायकोच्या कागदावर निवांत?" चार जण चिडतात, एखादा तपासायला जातो. मुलाने हे विचारणे बंद करू नये.

६. पेटीची दुसरी चावी बायकोला परत. काल ती भाजी निवडत असताना मी तिला सगळे सांगून टाकले. तिने मान वर केली नाही.

"माहीत आहे मला. तुमची घडी कधीच जुळली नाही."

मी विचारले, "मग ती चिठ्ठी माझ्या हातात का नाही दिलीस?"

"हातात दिली असती तर तुम्ही म्हणाला असतात, माझ्यावर संशय घेतेस? म्हणून पेटीत सगळ्यात वर ठेवली. म्हटलं, तिथे तरी वाचतील."

साक्षीदार : शेजारचा चष्मेवाला (सही). समोरची शिंपीण (सही). दोघांचे सहा वर्षे बोलणे बंद आहे, म्हणून निवडले. सही करताना मात्र बोलले, त्यावर लक्ष ठेवावे.

स्थळ : बायकोची मागची खोली, तिची परवानगी घेऊन.
दिनांक : अठरा ऑगस्ट, सोमवार.
कुलूपवाला (सही)