कमूचा आंगठा

प्रिय जिजी,

काल ब्राह्मणपुरीची कमू आली होती, कडेवर सहा महिन्यांची लेक घेऊन. व्हरांड्यातूनच विचारलं, "जिजी कोठे शे?" तुम्ही उन्हाळ्यात वारलात हे मलाच सांगावं लागलं. तेव्हापासून तुमच्याशी बोलावंसं वाटतंय, म्हणून हे पत्र. वाचून घ्याल तिथं वर कोणाकडून तरी.

आठवतं? महाराष्ट्र राज्य नुकतं झालं होतं आणि नंदुरबारच्या आपल्या छोट्या दवाखान्यात मी नवाच डॉक्टर. नऊ वर्षांच्या कमूला तापात झटके आले. मी सुई दिली, झटके थांबले, पोर निपचित पडली. दुपार झाली तरी जागी होईना. "औषधाची गुंगी आहे," असं तिच्या वडिलांना सांगून मी जेवायला निघालो.

तुम्ही दवाखान्यातल्या आया, सकाळपासून तिच्या पलंगाशी बसलेल्या. म्हणालात, "डाक्टर, हाई पोर झोपेल नही शे. आंगठा हाली ऱ्हायना."

"हलू द्या आंगठा. जिजी, तुम्ही पाण्याचं बघा."

किती तोडून बोललो मी! तुम्ही रागावला नाहीत. माझा हात धरून कमूच्या आंगठ्यावर ठेवलात.

तो बारीक उडत होता. थांबायचा, पुन्हा उडायचा. पापणी उचलली तर दोन्ही बुबुळं एका बाजूला ओढलेली, थरथरत होती. झटके थांबलेच नव्हते, जिजी. अंग शांत झालं होतं, मेंदू नाही.

मग पॅराल्डिहाइडची सुई दिली; झटक्यांवरचं हे औषध, त्याचा उग्र वास रोग्याच्या श्वासातूनही येतो. आंगठा तुमच्या मुठीत. बऱ्याच वेळानं तुम्ही म्हणालात, "थांबना." खरंच थांबला होता.

दिवेलागणीला कमूनं डोळे उघडले, नाक मुरडलं. "कसाना वास ई ऱ्हायना?"

"तुन्हाच तोंडना," तुम्ही म्हणालात. तिचे वडील रडता रडता हसायला लागले.

पण त्यांनी माझे पाय धरले, तेव्हा तुम्ही "डाक्टरसायेबनी वळखं" असं का म्हणालात? ओळखलं होतं तुम्ही, मग मी गप्प का राहिलो? त्याची लाज मला इतकी वर्षं होती. काल कमूला सगळं खरं सांगून टाकलं.

ती हसतच सुटली. "जिजीनी माले कवयच सांगेल व्हतं. म्हने, डाक्टरले बोलू नको, नवा शे."

म्हणजे तुम्ही दोघी मला सांभाळून घेत होतात तर!

जिजी, शब्द देतो. बेशुद्ध रोगी शांत दिसला म्हणून मी उठून जाणार नाही. पापणी उचलून बघेन, बोटं हातात धरेन, आणि उशाशी बसलेल्या बाईला आधी विचारेन, "तुम्ही काय पाहिलंत?"

तुमचा,
वसंत