पाठमोरी बसले ती

८ जानेवारी

क्षितिजा माझं चित्र काढणार! चित्रांच्या कॉलेजात आहे माझी नात, परीक्षेला बाईचं चित्र द्यायचंय. जगात एवढ्या बायका, तिला आजीच हवी! हसले खूप, मग ह्यांच्या फोटोकडे लक्ष गेलं. आमच्या नंदाखाल गावात भिंतीवर माणूस मोठा टांगतात तो हार घालायलाच. ह्यांचा फोटो हौसेनं मोठा करून आणला आणि महिनाभरात त्यालाच हार घातला. भूपेश म्हणतो, "आई, योगायोग गं." असेल. मुलगा शिकलेला आहे. पण मी तोंड दाखवणार नाही.

९ जानेवारी

सांगितलं तिला, पाठ काढ. वाटलं रुसेल. उडीच मारली पोरीनं! "आजी, जपानी चित्रकार हेच करायचे!" ते म्हणे लाकडावर चित्र कोरून कागदावर छापायचे. केस विंचरणारी बाई, पाठमोरी, मान उघडी. मान म्हणजे त्यांच्यात मोठं रूप. ते कागद बोटीनं तिकडे फ्रान्सला गेले आणि गोऱ्या चित्रकारांना वेड लागलं. तोवर ते बायकांना नटवून समोर बसवायचे. मग तेही मडमांच्या पाठी काढू लागले. मी म्हटलं, मडमांना चाललं का गं? लोळून हसली.

११ जानेवारी

मागच्या पडवीत बसते. समोर केळी. अंबाडा वर, पदर खाली, मान उघडी — ह्या वयात! कमळी वाडीतून डोकावली. "काय गो, पाठमोरी कोन बसते? रुसलीस काय नातीवर?" आमची कमळी शेजारीण कसली, पोलीस आहे. तिला वालाचे दाणे देऊन घालवली.

क्षितिजा मानेला पेन्सिल लावून माप घेते. मधेच म्हणाली, "सॉरी आजी, टोचली ना?" कुठे टोचली? मला काही कळलंच नाही.

१४ जानेवारी

तिळाचे लाडू केले. एक जळका निघाला, तो मीच खाल्ला.

१५ जानेवारी

आज चित्र पाहिलं. घाबरले. मी एका कोपऱ्यात, खांदा चौकटीबाहेर कापलेला, बाकी सगळं रिकामं. आणि सावलीच नाही! सावली नसलेलं माणूस कसलं असतं ते मला माहीत आहे. क्षितिजा म्हणते, जपानी असंच काढायचे. एक रेघ, आत एकसारखा रंग. त्या गोऱ्यांनीही मग सावल्या कमी केल्या.

मी म्हटलं, एकसारखा कुठे? मानेखाली हा फिकट डाग कसला? रंग संपला का?

"नाही गं. तू तिथे तशीच आहेस. सावली काढली असती तर लपलं असतं."

मग मागे आली. "आजी, काही कळतंय?"

"काय?"

"चिमटा काढतेय मी."

१६ जानेवारी

काल लिहवेना पुढे. मला माहीत आहे ते काय असतं. माहेरी खाडीच्या बांधावर एक बाई राहायची, एकटी. तिला लोक पाणी वरून ओतायचे, भांड्याला भांडं लागू द्यायचे नाहीत. मीही तसंच ओतलंय लहानपणी, आईनं शिकवलं तसं. तिलाही नात असेल का?

माझा पेला, ताट वेगळं ठेवलं. क्षितिजा जवळ आली की सरकते. ती म्हणते उद्या डॉक्टरकडे. हार घालतील याची भीती वाटत होती. आता वाटतं, घालायला तरी जवळ येतील ना कोणी?

१७ जानेवारी

डॉक्टरीण बाई लहानशी, क्षितिजाहून थोडी मोठी. डोळे मिटायला सांगितले, पेनाचं टोक लावत गेली. "लागलं की सांगा आजी." मी सांगत होते, सांगत होते — मग नुसती बसून राहिले.

कुष्ठरोगच. आम्ही महारोग म्हणायचो. बाई म्हणाली, "लवकर आलात. गोळ्यांनी पूर्ण बरा होतो. सगळ्यांबरोबर जेवा, नातीला जवळ घ्या." घरच्यांनाही तपासणार आहे. मी पुन्हा विचारलं, जवळ? बाई म्हणाली, "जवळ."

रिक्षात क्षितिजानं हात धरला. तळवा घामानं भिजलेला, माझा की तिचा कोण जाणे. "चित्रातला तो रंग बदलू का गं आजी?"

मी हात सोडवला नाही.

१९ जानेवारी

पेला क्षितिजानं परत मांडणीत ठेवला. मी काढला. तिनं परत ठेवला. मग त्याच पेल्यातून पाणी प्यायली, माझ्याकडे बघत. फाजील!

२२ जानेवारी

कमळी चित्र बघायला आली. "मानेवर पांढरं काय गो?" म्हटलं, महारोग. गोळ्या चालू आहेत. कमळी हातातला कप बघत बसली. मग म्हणाली, "च्या थंड झाला. गरम करून दे."

क्षितिजाला सांगितलं, रंग बदलायचा नाही. आणि ह्यांच्या फोटोशेजारी भिंतीवर जागा आहे. उद्यापासून दुसऱ्या चित्रासाठी क्षितिजाकडे तोंड करून बसणार.