जावयाची अँबॅसिडर

५ फेब्रु., गुरु.
दुपारी समीररावांचा पुण्याहून फोन. मनूचं लग्न होऊन सहा वर्षं झाली, जावयानं आपणहून मला फोन केल्याची ही तिसरी-चौथी वेळ असेल. म्हणाले, "बाबा, गाडी घेतली. अँबॅसिडर. जुनी आहे, पण एक नंबर." कुठं बघितली? बघितली नाही. मोबाइलवर व्हिडिओ बघितला. गाडी देवगाव रंगारीला, मालक अंकुश नावाचा शेतकरी. व्यवहार पुरा झालाय. "तुम्हाला जवळ पडतं. एकदा बघून या ना. तुमची तर लाइनच आहे."
लाइन. एकतीस वर्षं विम्याचा सर्वेअर म्हणून ठोकलेल्या गाड्या बघत फिरलो. ठोकायच्या आधी कुणी कधी बोलावलं नाही. हे पण त्यातलंच.
सौ. आतून: "जावई आहेत. तोंड सांभाळून बोला." अजून मी काहीच बोललो नव्हतो.

६ फेब्रु.
अंकुशला फोन. "या की काका, पन उद्या नका येऊ, भावकीत लग्न हाय." म्हटलं, खालून फोटो पाठवा, चाकाच्या आतल्या बाजूचे. दोन तासांनी फोटो आला. बॉनेटवर झेंडूचा हार, शेजारी अंकुश गॉगल लावून. परत फोन. "खालून म्हंजे?"

८ फेब्रु., रवि.
एसटीनं देवगावला. अंकुश घरी नाही, कन्नडला गेलेला, फोन बंद. शेडला कुलूप, किल्ली त्याच्याच खिशात. फटीतून गाडीची मागची बाजू दिसली. फिकट निळा रंग, ताजा. इतकं बघायला दोन तास उभ्यानं प्रवास.
त्याच्या बायकोनं चहा दिला. सहज म्हणाली, "आता आत ठिवली. पावसाळ्यात शेडात मका असतो, तवा बाहीरच असती, पन्नी टाकून." किती वर्षं? "सासरे गेल्यापास्नं. सात-आठ झाली आस्तील."
चहा चांगला होता. पण हे ऐकल्यावर उरलेला पिताना लक्ष लागलं नाही.
संध्याकाळी समीरराव: "कशी आहे बाबा?"
"मागून बरी आहे."
हसले. मी विनोद केला नव्हता.

११ फेब्रु.
आज रशीदभाईला घेऊन गेलो. त्याचं छावणीत गॅरेज, वय माझ्याइतकंच. पंचवीस वर्षं त्याच्या बिलांवर मी काट मारली आणि तो माझ्याशी भांडला. शहरात भरवशाचा माणूस म्हणून आठवला तोच. स्कूटरवर मागं बसला, मांडीवर हत्यारांची पिशवी. दौलताबादच्या वेशीत एक ट्रक अडकलेला, पाऊण तास तिथंच.
अंकुश या वेळी होता. गाडी अंगणात काढून ठेवलेली. खरं लिहायचं तर लांबून बघून मी पण थबकलो. दार लावलं की आवाज तोच, तिजोरीसारखा.
मग फ्रिजवरचं लोहचुंबक काढलं (सौ.ला न विचारता नेलं होतं). बॉनेटला चिकटलं. छताला चिकटलं. दाराच्या खालच्या भागाला लावलं, पडलं. उरलेल्या तिन्ही दारांना, तेच. पायदानाखाली, पडलं. पत्रा नाहीच, नुसती लांबी (पुट्टी) भरून वर रंग मारलेला. दर वेळी अंकुश वाकून चुंबक उचलायचा आणि माझ्या हातात द्यायचा. चौथ्यांदा म्हणाला, "काका, तुमचं चुंबकच ढिलं हाय का?"
रशीदभाई पोतं अंथरून गाडीखाली. मग, "साब, आओ. देखो." गुडघ्यांचं न ऐकता गेलो. मागचा पाटा, म्हणजे स्प्रिंगच्या पट्ट्या, बॉडीला जिथं धरलेला असतो तिथं त्यानं स्क्रूड्रायव्हर टेकवला, जोर न लावता, आणि तो मुठीपर्यंत आत गेला. ओंजळभर गंज माझ्या शर्टावर. दुसरी बाजू त्याहून वाईट.
मग हँडल मारलं. तिसऱ्या फेऱ्याला इंजिन सुरू, आणि इतकं संथ चालायला लागलं की रशीदभाईनं टोपी मागं सरकवली. "इंजन सोना है साब. डब्बा गया."
अंकुश खूश. "मंग इंजिन चांगलं म्हंजे गाडी चांगलीच की."
त्याला रागे भरायचं ठरवून गेलो होतो, भरता आलं नाही. विकायच्या आधी कन्नडच्या पेंटरला दिली, पेंटर म्हणाला चकाचक करतो, यानं हो म्हटलं. खाली काय आहे ते यानंही कधी बघितलं नाही. "बापाच्या टायमाला चाळीसगावला एका दमात जायची काका. आमी काय लपवलं त्यात?"
चुंबक तिथंच राहिलं.

१२ फेब्रु.
समीररावांना सगळं सांगितलं, सवयीप्रमाणे क्रमानं. पाट्याची जागा, पायदान, चारी दारं, डिकीचा तळ. ही गाडी रस्त्यावर चालवायची नाही, हे दोनदा.
त्यांनी विचारलं, "इंजिन?" उत्तम. "मग तुम्ही आधी ते का नाही सांगितलंत?"
मी म्हटलं, आधी धोक्याचं सांगायचं असतं.
"बाबा, राग मानू नका. तुम्ही क्लेम नाकारायच्या नजरेनं बघितलंत."
फोन ठेवला. राग मानलाच. दिवसभर.

१३ फेब्रु.
मनूचा फोन, ऑफिसच्या जिन्यातून, आवाज घुमत होता. मला वाटलं माझी बाजू घेईल.
"बाबा, तुम्हाला माहितीय ना, नोकरी गेल्यापासून तो कसा झालाय. नवीन लागली तरी तसाच. जेवताना एक शब्द नाही. ही गाडी घेतल्यापासून बोलतोय. परवा हसला. हत्यारांचा डबा आणलाय, रोज पुसून ठेवतो. थोडं सौम्य करून सांगा ना. खोटं नका सांगू. सौम्य."
मी म्हटलं, गंज सौम्य कसा करतात ते तू मला सांग.
ती रडली. जिन्यात उभी राहून.

१४ फेब्रु.
सौ. सकाळपासून भांडी आपटत होती. शेवटी पोळी वाढताना: "तुमचा रिपोर्ट वाचून कुणाचं कधी भलं झालंय?"
माणसं अपघातानंतर दवाखान्यातून उठून माझ्यासमोर बसायची आणि मी टायरची झीज लिहायचो. बरोबरच लिहायचो. एकदाही खोटं लिहिलं नाही, याचा अभिमान होता. आहे.
दुपारी समीररावांना मेसेज केला: "परत विचार केला. वाटलं तितकं वाईट नाही. किरकोळ दुरुस्ती लागेल. इंजिन फारच छान."
किरकोळ दुरुस्ती. हे दोन शब्द लिहिणाऱ्या सर्वेअरांना मी ऑफिसात कधी ओ दिली नाही.
लगेच उत्तर. अंगठा, मग हात जोडलेले, मग हृदय. जावयाकडून हृदय.

१५ फेब्रु.
मनू: "थँक यू बाबा. काल त्यानं स्वतः चहा केला." सौ.नं शिरा केला. मला गोड लागला नाही. सांगितलं नाही.

१७ फेब्रु.
समीरराव उत्साहात. शनिवारी येतायत. गाडी घेऊन चालवत पुण्याला जाणार. "किरकोळ काम इकडं करून घेईन बाबा. रस्त्यावर मजा येईल. मनूला नगरपर्यंत बोलावून घेतो, पुढं दोघं मिळून."
दोघं मिळून.
म्हटलं, चालवत नका नेऊ. "का? तुम्हीच म्हणालात ना." म्हटलं, टायर जुने आहेत. "नवे टाकतो की."

१८ फेब्रु.
छावणीत गेलो. रशीदभाईला मेसेज वाचून दाखवला. त्यानं हात फडक्याला पुसत ऐकलं. "ये आप लिखे?" हो. "मैं पच्चीस साल आप से लडा, साब, कि थोडा नरम लिखो. नहीं लिखे." फडकं खुंटीला लावलं. "रस्ते में पाटा निकला तो? बेटी बैठेगी ना उस में?"
एवढंच. मग चहा मागवला. मी न पिता उठलो.

१९ फेब्रु.
सकाळपासून बसून पूर्ण रिपोर्ट लिहिला. अडीच पानं, रशीदभाईनं काढलेले फोटो जोडून. शेवटी: "१४ तारखेचा माझा मेसेज चुकीचा होता. मी तो जाणूनबुजून तसा लिहिला. गाडी चालवू नये." मनूचं नाव कुठं घेतलं नाही. समीररावांना पाठवला, मनूलाही.
दोघांच्याही निळ्या खुणा आल्या. उत्तर कुणाचंच नाही.
सौ.ला सांगितलं. ती म्हणाली, "मग आधी तरी कशाला बदललात?" म्हणजे दोन्हीकडून मीच.

२० फेब्रु.
फोन नाही. मी केला, उचलला नाही. मनूला केला, कट करून मेसेज: "मीटिंगमध्ये आहे." संध्याकाळीही मीटिंगमध्ये.

२१ फेब्रु., शनि.
समीरराव पहाटेच्या बसनं आले. पाया पडले, नाष्टा केला. रिपोर्टचा विषय नाही. हातात तो हत्यारांचा डबा. "निघू या?" म्हणाले. रिक्षा ठरवली. देवगावपर्यंत तीन वाक्यं झाली असतील, त्यातली दोन रिक्षावाल्याची.
अंकुश इस्त्रीच्या शर्टात, दारात बायको ओवाळायला ताट घेऊन. समीररावांनी ओवाळून घेतलं. गाडीभोवती एक चक्कर मारली, दार लावून बघितलं. चेहरा खुलला, तो मी बघितला.
मग डब्यातला स्क्रूड्रायव्हर काढला आणि मला विचारलं, "कुठं?"
दाखवलं. स्वतः गाडीखाली गेले, चांगल्या कपड्यांत, पोतं न घेता. मी बाहेर उभा. आतून आधी ठकठक, मग ठकठक थांबली. बराच वेळ नुसते बूट दिसत होते.
अंकुश हळूच म्हणाला, "काका, पाव्हणं बरं हायेत ना?"
बाहेर आले ते डोक्यापासून तपकिरी. ड्रायव्हरच्या जागी जाऊन बसले. स्टिअरिंगवर दोन्ही हात. अंकुशनंच शेवटी खिडकीशी जाऊन म्हटलं, "दाजी, मला खरंच म्हाईत नव्हतं. तुमाला नको असल तर माघारी घेतो. उद्या संध्याकाळपर्यंत सांगा. भावाला इचारावं लागंल, पन घेतो."
समीररावांनी मान हलवली. हो की नाही, कळलं नाही.
परत येताना म्हणाले, "बाबा, चौदाला तुम्ही तो मेसेज का केलात?"
खोटं बोलायचं नव्हतं, मनूचंही नाव घ्यायचं नव्हतं. म्हटलं, "तुम्ही खूश होतात म्हणून."
"ते खोटं होतं हे वाचलं तेव्हा तुमच्यावर जास्त राग आला," म्हणाले. मग खिडकीबाहेर बघत, "गाडीपेक्षा."
मुक्कामाला राहिले. जेवले नीट.

२२ फेब्रु., रवि.
सकाळी उठलो तेव्हा समीरराव टेबलाशी, माझा रिपोर्ट मोबाइलवर उघडून, पेन्सिलनं वहीत उतरवत होते. मला विचारलं, "डिकीच्या तळाला नवा पत्रा बसतो का? पाट्याची जागा आधी की पायदान?" सांगितलं. आधी पाटा. त्यांनी लिहून घेतलं. मग रशीदभाईचा पत्ता विचारला, स्कूटरची किल्ली मागितली. अंकुशला काय कळवणार, असं मी विचारलं. "बघतो," म्हणाले.
दहाला गेले. वही नेली, हत्यारांचा डबा इथंच.
मनूचे तीन फोन झाले. "काय ठरवलं त्यानं?" मला माहीत नाही. "तुमच्याशी बोलला का?" बोलला. "काय?" पाट्याचं विचारलं, असं सांगितलं. ती म्हणाली, "नीट विचारलं का?" हो, नीट विचारलं.
रशीदभाईला फोन लावू का, असं दोनदा मनात आलं. लावला नाही.
दीड वाजला, समीरराव अजून परतले नाहीत. सौ.नं ताटं घेतली आहेत, वाढलेलं नाही.