नवरदेवाची गंजी

रायपूरच्या अलीकडं, बोअरच्या गाडीवरून
२४ मार्च

तीर्थरूप आबांना सुदर्शनचा पाया पडून नमस्कार.

मी बरा हाय. फोनवर आपलं दोन वाक्यांपलीकडं जमत न्हाई, म्हणून कागदावर लिहून त्याचा फोटो मंजुश्रीवहिनीच्या मोबाईलवर पाठवून राहिलो. वहिनी, सगळं वाचून दाखवा. मधलं गाळू नका.

इथं ऊन लई हाय. काल मारलेला बोअर कोरडा गेला. शेतवाला आमच्यावरच चिडला, जसं पाणी आम्हीच लपवून ठेवलं.

वहिनी सांगत होती, कडब्याच्या गंजीच्या कडेची पेंढी टाकली तर तांबडी गाय तोंड लावते अन् बाजूला होते. खोकते बी. आबा, ज्वारी काढून पेंढ्या रानात पडल्या अन् त्यावर अवकाळी पाऊस झाला. तुम्ही वरून हात लावला, कडबा खडखडीत लागला, लगेच गंजी रचून ताडपत्री आवळली. पेंढी आतून ओलीच होती. बांधलेल्या जागी तर ओल लई दिवस राहते. हे मला तुम्हीच शिकवलं हाय. तरी घाई का केली, ते बी मला माहीत हाय.

गंजीत कोपरापर्यंत हात घालून बघा, गरम लागंल. आतली एक पेंढी ओढून झटका, राखेसारखी धूळ उडंल. ती बुरशी हाय. तांबडी गाभण हाय, आबा. तिनं वासरू टाकलं तर काय करणार?

मागल्या बारीला हेच बोललो तर तुम्ही म्हणालात, "लोह्याचे पाहुणे तुला बघायला येऊन जाऊ दे, मग फोडू. दारात गंजी दिसली न्हाई तर तुला पोरगी कोण देईल?"

गल्लीत तिला नवरदेवाची गंजी म्हणून राहिले म्हणं. वहिनी हसून सांगत होती. मला हसू आलं न्हाई.

लोह्याच्या तनुजाचा फोटो बघितला. पोरगी चांगली हाय. पण तिच्या बापाला तुम्ही सांगितलंत, पोरगा आता घरी राहून शेती बघणार. मी न्हाई राहणार. एका गावात महिना झाला की माझा जीव घाबरा होतो. ती माझी वाट बघत दारात बसंल अन् मी कुठल्या तरी रानात मशीनपाशी उभा असंल. मी पाहुण्यांपुढं बसायला येत न्हाई. त्यांना आजच कळवा.

मग गंजी कोणासाठी ठेवायची? फोडा. काळ्या पेंढ्या उकिरड्यावर टाका. चांगल्या निघतील त्यांचे बंध सोडून उन्हात पसरा. पावसानं त्यांचा गोडवा गेला असंल, जोडीला पेंड द्या. तांबडीसाठी तोवर मल्लिकार्जुनकाकाचा कडबा मागा, त्याची ज्वारी पावसाआधी निघाली होती. मागायला तुम्हाला जड जाईल, कळतं मला.

राग येईल. येऊ द्या. पण तो उतरायच्या आधी गंजी फोडा. राग उतरला की तुम्ही पुन्हा पाहुण्यांचा विचार कराल.

लांब राहून बी तुमचाच,
सुदर्शन